बिघाड यंत्राचा की परवान्याचा?

घरातल्या संगणकावर एखादी चित्रफीत चालेनाशी झाली, की तिचा दोष यंत्राच्या वयावर लादायचा आणि उपाय म्हणून नव्या यंत्राची तजवीज करायची, ही जी रीत आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अलीकडे रूढ झाली आहे, ती केवळ खर्चिक म्हणून आक्षेपार्ह ठरत नाही. कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी होणारी ती रीत आहे, हा तिच्यावरचा खरा आक्षेप होय. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारींचे मूळ यंत्राच्या जीर्णतेत नसून चित्रफितींच्या निरनिराळ्या बांधणीत आणि त्या बांधणीवरील मालकी हक्कांत असते. आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी ती आजवर बिनदिक्कत टाळलेली आहे.

प्रसंग नेहमीचाच घ्या. दहिसरच्या कांदरपाड्यातील किंवा रावळपाड्यातील एखाद्या सोसायटीत भाचीच्या लग्नाची, आयफोनवर टिपलेली चित्रफीत पेनड्राइव्हवरून येते, सारे घर संगणकाभोवती गोळा होते, आणि सनईचे सूर व मंगलाष्टकांचा घोष स्वच्छ ऐकू येत असताना पडदा मात्र काळाठिक्कर राहतो. ‘काका, ग्राफिक्स कार्ड उडालंय,’ असे शेजारचा मुलगा सांगतो. ‘याचे पार्ट आता येत नाहीत, नवीनच घेऊन टाका,’ अशी पुस्ती दुरुस्तीवाला जोडतो. आणि ज्या पडद्यावर घटकाभरापूर्वी विजेचे बिल भरले व सकाळचे वर्तमानपत्र वाचले, त्याचे कार्ड जर निकामी झाले असेल तर ती अक्षरे तरी कोणी उमटविली, हा साधा प्रश्न विचारण्याचे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

या काळ्या पडद्यामागचे कारण समजून घेण्यास थोडा हिशेब करावा लागतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला पंचवीस वेळा बदलत दाखवायचे झाले, तर प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरून सेकंदाला साडेपंधरा कोटींहून अधिक बाइट आणि तासाभराच्या समारंभास सुमारे ५६० गिगाबाइट इतकी जागा लागेल. एवढा पसारा फोनमध्ये साठविणे व्यवहार्य नाही, म्हणून लागोपाठच्या चित्रांत जे समान आहे ते पुन्हा न लिहिता केवळ बदल नोंदविण्याची संक्षेपपद्धती योजतात. तिलाच कोडेक म्हणतात. फाइलीच्या नावामागे दिसणारी एमपी-फोर, एमकेव्ही किंवा एव्हीआय ही बिरुदे त्या पद्धतीची नव्हेत, ती वरच्या आवरणाची आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात येऊन मुंबईची जकात उठेपर्यंत दहिसरच्या नाक्यावर मालमोटारींच्या ज्या रांगा लागत, त्यांतील ताडपत्रीचा रंग पाहून आतल्या मालाची नोंद करू पाहणारा कारकून जसा हमखास फसला असता, तसाच नुसते ‘एमपी-फोर’ हे नाव वाचून ‘कालची फाइल चालली, मग आजची का नाही’ असे विचारणारा गृहस्थ फसतो.

हा आतला माल उलगडण्यास परवाना लागतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. सन २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती आज बहुतेक यंत्रांना अवगत आहे. परंतु २०१३ मध्ये तिच्यामागून आलेली एचईव्हीसी ही पद्धती तेवढ्याच सुबक चित्रास जवळजवळ निम्मी जागा घेत असली, तरी तिच्यावरील पेटंटे अनेक कंपन्यांत आणि त्यांच्या एकाहून अधिक संघांत वाटली गेल्यामुळे तिच्या वापराचे शुल्क हा एक गुंतागुंतीचा मामला होऊन बसला. २०१७ मध्ये ॲपलने आपल्या नव्या फोनांतील चित्रण याच पद्धतीने करण्यास आरंभ केला, आणि त्याच सुमारास विंडोजमध्ये ती उलगडण्याची सोय मूळ प्रणालीतून निघून मायक्रोसॉफ्टच्या दुकानात वेगळी, अल्प किमतीला मिळू लागली. ध्वनीची पद्धती निराळी व विंडोजला अवगत, चित्राची मात्र अनोळखी. सबब सनई ऐकू येते आणि नवरी दिसत नाही. तत्पूर्वी, २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालविण्याची अंगभूत सोय अशीच शुल्काच्या कारणाने काढून घेण्यात आली होती.

यावरून यंत्र कधीच दोषी नसते असा अर्थ कोणी काढू नये. दोष कोणाचा हे ठरविण्याचा क्रम मात्र पाळला पाहिजे, आणि तो क्रम गृहिणीला किंवा पेन्शनरलाही साधण्याजोगा आहे. प्रथम तीच फाइल, ज्या फोनवर ती टिपली त्यावर चालवून पाहावी. ती दरवेळी ठरावीक मिनिटालाच अडत असेल तर संशय फाइलीवर घ्यावा. निरनिराळ्या जागी अडत असेल तर यंत्रावर किंवा पेनड्राइव्हवर, आणि म्हणून ती आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. इंटरनेटवरची चित्रफीत पाहताना तेवढे चक्र फिरत राहते आणि डिस्कवरची फाइल सुरळीत चालते, तर वायफायकडे पाहावे. चित्र दिसते पण अडखळते, तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरवरचा भार पाहावा. तो शंभर टक्क्यांना भिडला असल्यास ग्राफिक्स चिपने करावयाचे काम एकटा प्रोसेसर ओढतो आहे असे समजून, उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने घ्यावा. ब्राउझरमध्ये हिरवा किंवा काळा चौकोन उमटत असेल, तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. आवाज आहे पण चित्र नाही, तर कोडेकची चौकशी करावी: व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबल्या की आतल्या मालाचा सारा तपशील समोर येतो. बहुतेक कोडेक या प्लेअरच्या पोटातच असल्यामुळे तेथे ती फाइल चालूनही जाते. न पेलल्यास हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने तिची एच.२६४ प्रत करावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी. कोण्या अनोळखी ठिकाणाहून ‘कोडेक पॅक’ उतरवून घेणे मात्र सर्वथा टाळावे, कारण त्या मिषाने व्हायरस घरात घेतल्यासारखे होईल.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर त्यासाठी एवढी शाई खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग शिल्लक आहे, त्याची फिल्म उजेडासमोर धरली तर कोणत्याही यंत्रावाचून नुसत्या डोळ्यांना त्यातील आकृती दिसतील, पण वीस वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेली मुंजीची व्हीसीडी, ड्राइव्ह आणि कोडेक यांच्या अभावी, ताटाखाली ठेवण्याच्याच उपयोगाची उरते. आपल्या घरांतील मृत व्यक्तींचे आवाज आणि चालणे-बोलणे ज्या स्वरूपात राहिले आहे, ते स्वरूप अशा रीतीने दुसऱ्याच्या परवान्याच्या मुदतीवर अवलंबून आहे, याची जाणीव आपल्याला असली पाहिजे.

अशा परिस्थितीत जो उपाय विनामूल्य हाताशी होता, त्यावरच आपल्या सरकारने काही काळ पहारा बसविला, ही हकिकत येथे नोंदविणे अवश्य आहे. पॅरिसनजीकच्या एकोल सेंत्राल या संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी आरंभिलेल्या प्रकल्पातून निघालेल्या आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली वाटल्या जाणाऱ्या व्हीएलसीचे संकेतस्थळ २०२२ च्या पूर्वार्धात भारतात एकाएकी बंद झाले. ते चालविणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने ऑक्टोबरात सरकारला कायदेशीर नोटीस पाठविली, आणि नोव्हेंबरात ही बंदी उठली. सुरक्षिततेच्या दृष्टीने अशी बंदी कधी अपरिहार्य असेल हे मान्य करूनही, संबंधितांना कारण न कळविता काढलेला हुकूम कोणत्याही सुव्यवस्थित दप्तराला शोभणारा नाही.

तेव्हा मागणे मोजकेच आहे. संगणक विकताना, तो कोणत्या पद्धतीच्या चित्रफिती चालवितो आणि कोणत्या सोयीसाठी वेगळे पैसे पडतील, हे खोक्यावर व पावतीवर मराठीत छापण्याचे बंधन घालावे. महानगरपालिका, शाळा व शासकीय कार्यालये जी चित्रे नागरिकांसाठी प्रसृत करतात, ती जुन्यात जुन्या घरगुती यंत्रावर चालतील अशाच स्वरूपात द्यावीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांत एक डिस्क-ड्राइव्ह आणि तो हाताळणारा एक माणूस यांची व्यवस्था करावी. रद्दीत निघणाऱ्या जुन्या ड्राइव्हपेक्षा त्यास अधिक खर्च येण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले आहे, पण त्या हक्काचा विचार सुट्या भागांपाशीच थांबता कामा नये. कारण यंत्राचा एकही भाग न बिघडता ते निरुपयोगी ठरविता येते, हे उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट व्हावे. मालाचा दर्जा आणि गुण यांची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाचा हक्क मानलेला आहे. तो हक्क विक्रेत्याकडून वसूल करून घेईपर्यंत, निदान धडधाकट संगणक भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी त्याच्यावरील आरोपाची रुजवात करून घेण्याचे कर्तव्य प्रत्येक घराने पार पाडावे.