सतरंज्या कोण उचलणार?

२०१८ साली आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पातील चिपवर लिनक्स सुरू झाले आणि त्या बातमीचे देशभर स्वागत झाले. जानेवारी २०२३ मध्ये ‘भारओएस’ ही मोबाइलसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम केंद्रीय मंत्र्यांनी स्वतः वापरून पाहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर ‘माया’ ही उबंटूवर आधारलेली प्रणाली येत असल्याचे वृत्त आले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा देशी प्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला. या चारही घटनांचा अभिमान वाटावा, यात शंका नाही. पण त्यांच्यात एक साम्य आहे. चारही बातम्या काहीतरी सुरू झाल्याच्या आहेत.

आज मला संपण्याविषयी लिहायचे आहे. संगणकावरचा किंवा फोनमधला एखादा कार्यक्रम बंद होतो, तेव्हा त्याने वापरलेल्या मेमरीचे काय होते? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु कोट्यवधी भारतीयांच्या खिशातील फोनची सुरक्षितता याच प्रश्नाच्या उत्तरावर एकदा टांगणीला लागली होती, आणि त्या प्रसंगातून आपण घ्यायला हवा होता तो धडा अजून घेतलेला नाही, असे माझे मत आहे.

प्रथम थोडे शास्त्र. चालू असलेल्या कार्यक्रमाला संगणकाच्या परिभाषेत ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची अशी मेमरी मिळते. ती संपली की ही मेमरी एकगठ्ठा परत घेतली जाते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने कितीही निष्काळजीपणा केला असला, तरी त्याचा पसारा प्रोसेसबरोबर नाहीसा होतो. मंगल कार्यालयाचे भाडेकरू गेले की व्यवस्थापक सभागृह रिकामे करून कुलूप लावतो, तसे हे आहे. त्या मेमरीचा तुकडा दुसऱ्या प्रोसेसला देण्यापूर्वी तो पुसूनही घेतला जातो. नाहीतर एका ॲपमध्ये टाइप केलेला पासवर्ड दुसऱ्या ॲपच्या हाती आयता पडला असता.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रोसेस जिवंत असताना ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे ‘कर्नेल’, तिच्यासाठी स्वतःच्या मेमरीत पुष्कळ नोंदी ठेवत असतो: तिची ओळख, तिचे अधिकार, उघडलेल्या फायलींची यादी, तिच्या मेमरीचा नकाशा, तिच्या वतीने काम करताना कर्नेलला लागणारा ‘स्टॅक’, शिवाय प्रत्येक ड्रायव्हरने तिच्यासाठी काढून ठेवलेला खासगी हिशेब. हे सारे एका प्रोसेससाठीच असते, परंतु ते कर्नेलच्या सामायिक घरात विखुरलेले असते. त्याला एकगठ्ठा कुलूप लावता येत नाही. मंडपवाल्याचा मंडप मंडपवाल्याला, भांडी भांडीवाल्याला, समया शेजारच्या काकूंना अशी प्रत्येक वस्तू मोजून ज्याची त्याला पोहोचवावी लागते. आणि एखादी वस्तू दोघांनी मिळून वापरायला घेतली असेल, तर दुसऱ्याचे काम आटोपेपर्यंत ती परतही करता येत नाही. त्यासाठी कर्नेल प्रत्येक वस्तूवर ‘अजून कितीजण वापरत आहेत’ याचा आकडा ठेवतो. तो शून्यावर आला की वस्तू मोकळी होते.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रोसेस आपली सगळी आवराआवर स्वतः करूच शकत नाही. आवराआवरीचे काम ज्या स्टॅकवर चालते तो स्टॅक तिच्याच नावावर असतो, आणि ज्या सतरंजीवर आपण उभे आहोत ती आपल्याला गुंडाळता येत नाही. म्हणून लिनक्समध्ये मरणारी प्रोसेस जमेल तेवढे आवरून बाजूला होते आणि तिच्या स्टॅकचा हिशेब तिच्यानंतर त्या प्रोसेसरचा ताबा घेणाऱ्या प्रोसेसच्या पाळीत मिटवला जातो. तिची अखेरची नोंद जन्मदात्या प्रोसेसने विचारपूस करेपर्यंत राहते. अशा मेलेल्या, पण नोंद न पुसलेल्या प्रोसेसला अभियंते ‘झोंबी’ म्हणतात. जन्मदाती आधीच संपली असेल, तर अनाथ प्रोसेसचे पालकत्व सहसा क्रमांक एकच्या प्रोसेसकडे जाते. ही व्यवस्था अर्ध्या शतकापूर्वीच्या युनिक्सपासून चालत आली आहे.

या हिशेबात दोन प्रकारच्या चुका होतात. वस्तू परत करायचे विसरणे ही पहिली आणि वस्तू वेळेआधी परत करणे ही दुसरी. पहिली चूक निरुपद्रवी वाटते. थोडी मेमरी वाया जाईल, इतकेच. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेल्या एका दोषाने हा भ्रम दूर केला. प्रोसेसच्या किल्ल्या ज्या जुडग्यात कर्नेल ठेवतो, त्या जुडग्याचा वापर-आकडा एका विशिष्ट वाटेने वाढत असे, पण कमी होत नसे. आकडा ३२ बिटांचा. म्हणजे ती वाट सुमारे ४२९ कोटी वेळा तुडवली की मोटारीचे जुने मीटर फिरून शून्यावर यावे तसा तो शून्यावर येई, आणि वापरात असलेले जुडगे कर्नेल ‘बेवारस’ समजून मोकळे करी. त्या मोकळ्या जागी हल्लेखोराने आपला मजकूर पेरला की संपूर्ण यंत्र त्याच्या ताब्यात. विसरभोळेपणाची चूक अशा रीतीने उतावळेपणाच्या चुकीत बदलली.

आता आपल्याकडच्या फोनची गोष्ट. अँड्रॉइडमध्ये ॲप्सना एकमेकांशी आणि सिस्टीमशी बोलण्यासाठी ‘बाइंडर’ नावाचा ड्रायव्हर असतो. त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक थ्रेडसाठी, म्हणजे प्रोसेसमधील कामाच्या प्रत्येक धाग्यासाठी, तो कर्नेलमध्ये एक नोंद ठेवतो. त्या नोंदीतच एक रांग असते: या धाग्याकडून निरोप येण्याची वाट कोण कोण पाहत आहे, त्यांची. ‘माझे काम संपले’ असे थ्रेडने सांगितले की बाइंडर ती नोंद मोकळी करी. पण रांगेत उभ्या असलेल्यांना हे कोणी कळवतच नसे. पुढे प्रोसेस संपताना कर्नेलचा दुसरा विभाग आपले नाव रांगेतून काढायला जाई आणि अस्तित्वातच नसलेल्या रांगेवर लिहून बसे. नेमक्या त्या जागी तोवर हल्लेखोराने काही मांडून ठेवले असेल, तर एका साध्या ॲपला फोनचे सर्वाधिकार मिळत.

हा दोष नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडला, आणि तोही यंत्राला. कर्नेलवर यादृच्छिक आज्ञांचा अखंड मारा करून चुका हुडकणाऱ्या ‘सिझकॉलर’ या साधनाने तो पकडला. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: नोंद मोकळी करण्यापूर्वी रांगेतल्यांना सूचना द्या. काही महिन्यांत ती लिनक्सच्या ४.१४ आवृत्तीत आणि अँड्रॉइडच्या सामायिक कर्नेलमध्ये गेली. मात्र त्या दोषाला तेव्हा सुरक्षादोषाचा अधिकृत क्रमांकच दिला गेला नाही. क्रमांक नाही म्हणून निकड नाही. निकड नाही म्हणून अनेक उत्पादकांच्या फोनपर्यंत ती दुरुस्ती गेलीच नाही.

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटाने तोच दोष पुन्हा शोधला. त्याचा प्रत्यक्ष वापर होत असल्याची माहिती त्यांच्याकडे आली होती. संशय इस्रायलच्या एनएसओ या कंपनीकडे वळला. कंपनीने त्याचा इन्कार केला. दोषाला सीव्हीई-२०१९-२२१५ हा क्रमांक मिळाला आणि ऑक्टोबर २०१९ च्या अँड्रॉइड सुरक्षा-अद्यतनात दुरुस्ती आली. बाधित फोनच्या यादीत सॅमसंगचे एस७, एस८ आणि एस९ होते, गुगलचे स्वतःचे पिक्सेल १ आणि २ होते, तसाच रेडमी ५ए होता. हा रेडमी ५ए भारतात ‘देश का स्मार्टफोन’ या घोषवाक्यासह बाजारात आला तो महिना होता नोव्हेंबर २०१७. दोष यंत्राच्या हाती लागला तोच महिना. स्वस्त फोन घेणाऱ्या ग्राहकाने दुरुस्तीची वाट दोन वर्षे पाहिली, आणि आपण वाट पाहत आहोत हे त्याला ठाऊकही नव्हते.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की यात अज्ञान कोणाचेच नव्हते. चूक माहीत होती, उपाय तयार होता, तो फुकट उपलब्ध होता. कमतरता होती ती तो उपाय उचलून शेवटच्या फोनपर्यंत नेणाऱ्या माणसांची आणि तसे करायला भाग पाडणाऱ्या नियमाची. आपल्या सार्वजनिक जीवनात सभा झाल्यावर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला जे स्थान असते, तेच तंत्रज्ञानात देखभाल करणाऱ्या अभियंत्याला आहे. व्यासपीठावर त्याची खुर्ची नसते. स्वदेशी तंत्रज्ञानाविषयीची आपली चर्चाही व्यासपीठापुरतीच राहते. सी-डॅकची ‘बॉस’ असो, ‘माया’ असो वा ‘भारओएस’, तिन्हींचा गाभा लिनक्सच आहे. ‘भारओएस’ तर अँड्रॉइडच्या मुक्त आवृत्तीवर उभी आहे. म्हणजे बाइंडर तिच्यातही आला. त्यात गैर काहीच नाही. पण नाव बदलल्याने प्रणाली आपली होत नाही. जगात कुठेही झालेली दुरुस्ती आपल्या यंत्रात किती दिवसांत पोहोचते, आणि आपण शोधलेली किती दुरुस्ती जगाकडे जाते, यावरून ती आपली किती हे ठरते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कर्नेलची काळजी घ्यायला जगभरातील कंपन्या समर्थ आहेत, भारताने त्यावर पैसा का खर्चावा? शिवाय आता रस्टसारख्या भाषांत अशा बऱ्याच चुका मुळातच होऊ दिल्या जात नाहीत. गुगलच्या अभियंत्यांनी बाइंडरही रस्टमध्ये नव्याने लिहिला आहे. आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे आणि स्वागतार्हही. पण नवा बाइंडर जुन्या फोनमध्ये आपोआप उतरत नाही, आणि आपल्याकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात जात वर्षानुवर्षे वापरला जातो. पहिल्या भागाचे उत्तर २०१७ ते २०१९ या दोन वर्षांनीच दिले आहे: जगाने दुरुस्ती केली होती, ती आपल्या हाती आली नव्हती.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, विक्रीस येणाऱ्या प्रत्येक फोनला सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतील, याचा किमान कालावधी कायद्याने ठरवावा. युरोपीय संघात जून २०२५ पासून असा नियम लागू आहे: एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमची अद्यतने देणे तेथे बंधनकारक आहे. ज्या देशात यूपीआयवर भाजीवाल्याचा दिवस चालतो, तेथे हा नियम अधिकच आवश्यक आहे. दुसरी, सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्वदेशी प्रणालीच्या अंदाजपत्रकात देखभालीचा स्वतंत्र आणि दीर्घकालीन हिस्सा असावा, आणि किती दिवसांत कोणती दुरुस्ती उतरवली याचा अहवाल जाहीर व्हावा. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधील यंत्रांचा थोडा वेळ सिझकॉलरसारख्या शोधयंत्रांना दिला, तर आपल्या प्रणालीतील दोष परक्याच्या आधी आपल्याला सापडतील. तिसरी गोष्ट वर्गातली. आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नवी प्रोसेस कशी जन्मते हे पाठ असते. ती मरताना कोणती नोंद कोण, कोणत्या क्रमाने पुसतो, हे त्याला कागदावर मांडता यावे. ज्याला हा क्रम कळला, त्याला कर्नेल कळला.

तोवर आपण प्रत्येकजण एक करू शकतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि अँड्रॉइड आवृत्तीच्या तपशिलात ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहा. घरातील ज्येष्ठांच्या आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या फोनवरचीही पाहा. ती तारीख वर्ष-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर त्यानंतर जगात झालेली एकही दुरुस्ती त्या फोनपर्यंत आलेली नाही, असे समजावे. आपल्याला दिसलेली सर्वांत जुनी तारीख खाली प्रतिक्रियेत लिहा. पुढच्या चिपचा शुभारंभ साजरा करताना ती तारीखही आपल्यासमोर असू द्या.