चाळिशीनंतरचा पांढरा पट्टा

फौजेत बढती मिळत गेली की एक गोष्ट हळूहळू बंद होते. आपल्याला कोणी चूक दाखवत नाही. कोर्स होत राहतात, पण तिथेही आपण रँकसकट जातो आणि रँकसकट परत येतो. माझं स्पष्ट मत आहे की चाळिशीच्या आसपास पोचलेल्या प्रत्येक फौजीने, मग तो कर्नल असो की हवालदार, निदान एक गोष्ट अगदी मुळाक्षरांपासून शिकायला घ्यावी. आणि ती नोकरीत असतानाच घ्यावी.

सध्या माझं पोस्टिंग झाशीला आहे आणि माझ्यासाठी ती गोष्ट तायक्वांदो आहे.

झाशीचा जुना कोट आता तुकड्या-तुकड्यांत उरला आहे, पण त्याचे दरवाजे मोहल्ल्यांची नावं होऊन जिवंत आहेत. खंडेराव गेट, सागर गेट, उन्नाव गेट आणि दक्षिणेकडचा ओरछा गेट. १८५८ च्या वेढ्यात दुल्हाजूने फितुरी करून इंग्रजांना उघडून दिला तो हाच, असं इथे कोणीही सांगेल. त्या दिवसांत आपले वरसईचे विष्णुभट गोडसे याच शहरात अडकले होते. 'माझा प्रवास' वाचलेल्या माणसाला या गल्ल्यांतून नुसतं चालता येत नाही. त्याच दरवाजाजवळच्या एका हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लब भरतो. मी तिथे पांढरा पट्टा बांधून उभा राहतो.

तायक्वांदोच्या वर्गात रांग वयाने लागत नाही, पट्ट्याच्या रंगाने लागते. त्यामुळे माझ्यापुढे चौथीतली एक मुलगी असते, पिवळ्या पट्ट्याची. शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. 'चारयॉत' म्हटलं की सावधान, 'क्युंगने' म्हटलं की वाकून नमस्कार, 'शीजाक' म्हटलं की सुरू. आयुष्यभर हुकूम दिले आणि घेतले. इथले हुकूम मात्र कळायलाच दोन आठवडे लागले. समोरची लाथ, म्हणजे 'आप चागी', मारताना माझा गुडघा कमरेपर्यंत येतो आणि थांबतो. मग मागून आवाज येतो, "अंकल, घुटना और ऊपर."

'सर' नाही, 'साहब' नाही. अंकल. हा शब्द ऐकण्यासाठी मी फी भरतो, असं म्हटलं तरी चालेल.

लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की आपली लाठी, मल्लखांब, कुस्ती सोडून कोरियन विद्या कशाला? तीही झाशीत, राणीच्या गावात! आक्षेप प्रेमाचा आहे, पण विद्येला सरहद्द नसते. तायक्वांदोही शुद्ध आणि प्राचीन वगैरे नाही. कोरियावर १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती. त्या काळात जपानी कराटे शिकलेल्या कोरियन तरुणांनी पुढे आपल्या शाळा काढल्या, जुन्या 'तेक्क्योन'सारख्या पायांच्या खेळाचा वारसा सांगितला आणि १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं. ते नाव सुचवणारे चोई हाँग ही सैन्यात जनरल होते आणि या विद्येचा प्रसार त्यांनी आधी जवानांत केला. २००० साली सिडनीत ती ऑलिम्पिकची पदकं देऊ लागली. परंपरा म्हणतात ती अशी चार ठिकाणचं शिकूनच उभी राहते.

शिवाय कोरिया आपल्या फौजेला परका नाही. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स तिथल्या युद्धात राबली. युद्धविरामानंतर १९५३ मध्ये कैद्यांच्या देखरेखीसाठी भारतीय तुकडी गेली तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले मराठी अधिकारी. बिथरलेल्या कैद्यांनी आमच्या एका अधिकाऱ्याला कुंपणाआड अडकवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. ज्या माणसाला रँकच्या आडोशाशिवाय उभं राहता येतं, त्यालाच हे जमतं.

दुसरा आक्षेप मानाचा. युनिटमधल्या जवानाने पाहिलं तर? पाहू दे. खडकवासल्याला पहिल्या टर्मला आपल्याला चालायलासुद्धा कोणी शिकवलं होतं? ड्रिल उस्तादाने. तो हवालदार होता, उद्या आपल्याला सॅल्यूट करणार होता, आणि तरी आपली मान, हात, टाच तोच सरळ करत होता. कमी रँकच्या माणसाकडून शिकण्याची ही रीत फौजेनेच आपल्याला लावली. खांद्यावर तारे आल्यावर ती सोडायची कशासाठी?

आता मुद्द्याचं. माझ्या ओळखीचे एक सुभेदार निवृत्त होऊन एका कंपनीत सुरक्षा विभागात लागले. तीन महिन्यांत घरी परतले. काम कठीण नव्हतं. पंचविशीतला सुपरवायझर संगणकावरची नोंद कशी करायची ते दाखवायचा, चुकलं की चारचौघांत सांगायचा. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं एकच सोसायची सवय राहिली नव्हती. आज ते गावी पारावर बसून असतात आणि घरात कोणाशी धड बोलत नाहीत.

जवान तर कित्येकदा चाळिशीच्या आतच बाहेर पडतो. पुढे पंचवीस-तीस वर्षांचं कमावतं आयुष्य असतं आणि त्याची सुरुवात पुन्हा शेवटच्या रांगेतून करायची असते. पुनर्वसनाचे कोर्स आहेत, त्यात कौशल्य मिळतं. पण लहान वयाच्या माणसाने "पुन्हा करा" म्हटल्यावर चेहरा न पाडता पुन्हा करणं, हे कुठल्याही कोर्सच्या अभ्यासक्रमात नाही. ते अंगात मुरवावं लागतं आणि मुरायला वर्षं लागतात.

म्हणून म्हणतो, तायक्वांदोच हवं असं नाही. तबला घ्या, पोहणं घ्या, मोडी लिपी घ्या. अट एकच: शिकवणारा तुमच्यापेक्षा लहान असावा आणि त्याला तुमच्या रँकशी देणंघेणं नसावं. शरीराचं काही शिकणार असाल तर एक सूचना. आपली बीपीईटी दम आणि ताकद बघायची, लवचीकपणा बघत नसे. मांडीचे मागचे स्नायू आणि खुबे या वयात दोरखंडासारखे झालेले असतात. पहिले तीन महिने लाथ उंच नेण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि माजी सैनिक बंधूंनो, तुम्हालाही उशीर झालेला नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तालुक्याच्या गावी काही ना काही शिकवणारा वर्ग असतोच. नातवाला सोडायला जाता ना? पुढच्या वेळी बाहेर बाकावर बसू नका. आत जाऊन शेवटच्या रांगेत उभे राहा.