गुडघ्याची गादी पुन्हा उगवत नाही

खुरपणीला जाणारी बाई चाळिशीच्या पुढे गेली की ‘गुडघे गेले’ म्हणू लागते आणि घरात ते कुणी फारसं मनावर घेत नाही. बैल लंगडला तर त्याच दिवशी पशुवैद्याला निरोप जातो. बाईचे गुडघे मात्र वयाचा दोष म्हणून सोडून दिले जातात. नाहीतर एकदम दुसरं टोक गाठलं जातं. ‘गादी वाढवून देतो’ अशी पाटी लावणाऱ्याकडे जायचं आणि इंजेक्शनांपायी दोन शेळ्या विकायच्या. नुकसान दोन्हीकडून आहे, आणि ते थांबवायचं तर ही गादी नेमकी काय चीज आहे ते आधी समजून घेतलं पाहिजे.

मटण करताना बोकडाचा सांधा ज्यानं सोडवला आहे त्यानं हाडाच्या टोकावरचं पांढरं, चकचकीत, बोट घसरेल असं अस्तर पाहिलेलं असतं. तीच गादी. पुस्तकी भाषेत कूर्चा. माणसाच्या शरीरात ती तीन प्रकारची असते. सांध्यात असते ती काचेसारखी गुळगुळीत. नाकात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आणि श्वासनळीच्या कड्यांतही हीच. कानाची पाळी मुडपली तरी सोडल्यावर जागेवर येते, कारण तिथली कूर्चा लवचीक जातीची. तिसरी जात चिवट, दोरखंडासारख्या तंतूंची. मणक्यांमधल्या चकत्या आणि गुडघ्यात दोन्ही बाजूंना बसवलेल्या चंद्रकोरी तिच्या असतात. ‘वाटी झिजली’ असं आपण म्हणतो, पण वाटी म्हणजे पुढचं हाड. झिजते ती वाटीच्या मागची आणि मांडीच्या हाडाखालची गादी, जाडीला दोन-चार मिलिमीटर, वाटीमागे थोडी जास्त.

एवढ्याशा थरावर माणूस आयुष्यभर ओझी वाहतो, ते त्याच्या बांधणीमुळे. थराचा बराचसा भाग पाणी, सुमारे ७० ते ८० टक्के. ते पाणी धरून ठेवणारे साखरेच्या जातीचे रेणू आणि त्या सगळ्याला आवळून धरणारं कोलॅजेनचं जाळं. पाऊल टेकलं की पाणी दाबलं जातं, उचललं की परत शोषलं जातं, ओल्या स्पंजासारखं. या गादीत रक्तवाहिनी नाही. अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, याच दाबण्या-सोडण्यानं. म्हणून ‘गुडघा दुखतोय, पाय हलवू नको’ हा घरचा सल्ला उलटा पडतो. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिलं तर गादीची उपासमार होते.

हाड मोडलं तर ते जुळतं, कारण तिथं रक्त पोचतं आणि रक्ताबरोबर दुरुस्तीचा माल. कूर्चेतल्या पेशी म्हणजे वाटाच नसलेल्या गावातली घरं. घरटी एखाद-दुसरा माणूस, शेजारी आग लागली तरी त्याला पोचता येत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की एकदा नासलेली कूर्चा भरून येत नाही.

याचा एक पुरावा तर शेतकऱ्याला चटकन पटावा असा आहे. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या राष्ट्रांनी हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत जड कार्बनचं प्रमाण वाढलं. हवेतून ते पिकात गेलं आणि पिकातून माणसांत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्यांतली कूर्चा त्यासाठी तपासली. बाँबच्या वर्षांत जे लहान होते त्यांच्या कोलॅजेनमध्ये ही खूण होती. जे त्याआधीच वाढून मोठे झाले होते त्यांच्यात ती जवळजवळ नव्हती. तेच अन्न त्यांनी पुढे कितीतरी वर्षं खाल्लं, पण जाळ्यात नवा धागा पडला नाही. थोडक्यात, गुडघ्याचं जाळं पोरवयात विणलं जातं, आणि जन्मभर तेवढंच पुरवायचं असतं.

शिवाय या गादीत मज्जातंतूही नाहीत. झीज सुरू होते तेव्हा ती कळत नाही. दुखणं येतं ते खालच्या हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून, म्हणजे बरंच काही हातचं गेल्यावर. एक्स-रेतसुद्धा गादी दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. म्हणून एक्स-रे उभं राहूनच काढायला सांगावा. झोपवून काढला तर फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.

आता ‘गादी वाढवण्या’च्या धंद्याबद्दल. शास्त्र काहीच करू शकत नाही असं नाही. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली २३ रुग्णांचा अहवाल दिला. रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, बाहेर वाढवून त्यांनी परत बसवल्या होत्या. हा उपचार आपल्या देशातही मिळतो. पण तो तरुण माणसाच्या गुडघ्याला मार लागून पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी. सगळं रानच धुपून गेलं असेल तर एका खड्ड्यात माती भरून भागत नाही. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त आणायची शस्त्रक्रियाही आहे. तिच्यातून भरतं ते चिवट जातीचं ठिगळ, मूळची गुळगुळीत गादी नव्हे. मूळपेशींच्या एका इंजेक्शनाला भारतात २०२२ साली मध्यम झिजेसाठी मंजुरी मिळाली. त्याचा फायदाही मुख्यतः दुखणं किती कमी झालं यावर मोजला गेला. तालुक्याच्या गावात लॉजवर खोली घेऊन ‘स्टेम सेल’ टोचणाऱ्याला त्या मंजुरीशी काही देणंघेणं नसतं.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या तर घराघरात पोचल्यात. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली. २००६ साली निकाल आला, तो असा की एकूण रुग्णांत या गोळ्या औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आठवडी बाजारातल्या पुड्यांचं प्रकरण याहून वाईट. दोन दिवसांत गुडघा हलका झाला तर पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. पुढं तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

गादी अगदीच संपली तर कृत्रिम सांधा हा खरा उपाय आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं त्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि दीड लाखाच्या पुढचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. दवाखान्याचा खर्च मात्र वेगळा, आणि असा गुडघा घेऊन पुन्हा उकिडवं बसून खुरपायला डॉक्टर परवानगी देत नाहीत. मजुरी करणाऱ्या बाईनं मग खायचं काय?

म्हणून आहे ती गादी राखणं हेच मोठं काम. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. मांडीचे स्नायू बळकट केले तर दुखणं कमी होतं. खाटेवर पाय सरळ ठेवून उचलायचा, पाच मोजायचं, खाली ठेवायचा. याला पैसा लागत नाही. हे शिकवायचं काम उपकेंद्रानं आणि आशाताईंनी अंगावर घ्यावं, ग्रामसभेनं तसा ठराव करावा.

पण व्यायाम सांगून दिवसभराचं उकिडवं बसणं सुटत नाही. तासन्‌तास उकिडवं बसणं आणि जड ओझी उचलणं ही गुडघेझिजेची ठळक कारणं आहेत, आणि आपली खुरपणी व ऊसतोड यांवरच चालते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची शिफारस केली, बाईला त्याहून बरंच कमी. ट्रॉलीच्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला ही शिफारस कोण सांगणार? मुकादम तर नाहीच. मोळी लहान बांधायची सक्ती कारखान्यानं करायला हवी.

खुरपणीपुरतं ग्रामपंचायतीला करता येण्यासारखं आहे. जुन्या सायकलच्या चाकाचं कोळपं आपल्याकडे नवं नाही. उभ्यानं चालतं, गावचा लोहार बनवतो. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावच्या विकास आराखड्यात दहा-वीस कोळपी धरायला हरकत नसावी. मात्र एक धोका आहे. अवजार आलं की ते गड्याच्या हाती जातं आणि बाईचा रोज बुडतो. तेव्हा कोळपी बचत गटाच्या नावानं द्यावीत, बायकांनी एकराच्या हिशेबानं काम उक्तं घ्यावं आणि दर त्यांनी ठरवावा. शेतकऱ्यानंही पेरणी ओळीत, कोळपं जाईल एवढं अंतर सोडून करावी. वाफसा नसताना कोळपं चालत नाही, रोपाच्या बुडातलं तण खुरप्यानंच काढावं लागतं, आणि दाट लागणीच्या कांद्यात तर त्याचा उपयोगच नाही. तिथं निदान वीतभर उंचीचा पाट बुडाखाली घेऊन बसावं, म्हणजे गुडघा पुरता मुडपत नाही. सुताराकडे उरलेल्या फळीचे तुकडे पडलेले असतातच.