एकतीस ऑगस्ट कोणाचा?

पंधरा ऑगस्टला आपण सारेच झेंडावंदनाला जातो. पण त्यानंतर सोळा दिवसांनी येणारा एकतीस ऑगस्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? वर्गातल्या मित्रांना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा कोणी 'पोळा' म्हणाले, कोणी 'गणपती'. मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः पुसद तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यात जन्मलो, तरी दोन वर्षांपूर्वी मलाही उत्तर देता आले नसते. घरात कोणी शिकलेले नाही; तेव्हा सांगणार तरी कोण?

कॉलेजच्या ग्रंथालयात हा इतिहास मला प्रथम भेटला. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा होणे वेगळे. या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. मूल जन्माला आले की कपाळी शिक्का बसलाच! नावांची नोंदणी, ठराविक वेळी हजेरी, परवान्यावाचून फिरण्याची बंदी आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती! १९४७ साली देश स्वतंत्र झाला. परंतु हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे पाच वर्षे सोळा दिवसांनी. तेव्हापासून या जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्रात बंजारा, वडार, कैकाडी, बेरड, रामोशी इत्यादी चौदा जमाती या यादीत आहेत. पारध्यांच्या माथीही तोच शिक्का होता.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केले. आपल्याकडचा हा कायदा त्याच्या दोनच वर्षे आधीचा! तिकडे बेड्या तुटल्याचा आनंद जोतीरावांना झाला, आणि इकडे नव्या बेड्या घडविल्या जात होत्या. अमेरिकेत मुक्तीचा जाहीरनामा १८६३ च्या १ जानेवारीला निघाला; पण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन गावी ती वार्ता फौजेने जाहीर केली १९ जून १८६५ रोजी. दुसऱ्याच वर्षापासून तिथले काळे लोक हा दिवस साजरा करू लागले. सारा देश त्या दिवशी सुटी घेऊ लागला, तो मात्र २०२१ पासून. जो सण मुक्त झालेल्यांचा होता, तो साऱ्यांचा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली!

गेल्या वर्षी आमच्या तांड्यातही विमुक्त दिन प्रथमच साजरा झाला. सेवालाल महाराज आणि वसंतराव नाईक यांच्या तसबिरींना हार घातले, नगारा वाजला, बाया फेटिया-कांचळी नेसून नाचल्या. वक्त्यांनी वसंतराव गहुलीच्या तांड्यातून निघून १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री कसे होते, ते सांगितले. माझी याडी अभिमानाने ऐकत होती. मीही टाळ्या वाजविल्या.

पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत एका विहिरीवरची मोटर नाहीशी झाली. कोणी काही ठरविले नाही, कोणी चौकशी केली नाही. तांड्यातले चौघे सरळ पारध्यांच्या बेड्यावर गेले. झोपड्या उचकल्या, भांडी बाहेर फेकली. तिसऱ्या दिवशी कळले की, मालकाच्याच भाच्याने मोटर दुरुस्तीला नेली होती. ते सांगायला मात्र बेड्यावर कोणीही गेले नाही. त्या चौघांत माझा काका होता. आणि मी? मी घरात होतो, सारे ऐकत होतो आणि गप्प होतो.

मित्रहो, तेव्हा मला कळले की, कायदा कागदावरून जातो, पण माणसांच्या मनात बिऱ्हाड करून राहतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला. विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत गुन्हेगार समजणारा दृष्टिकोनही त्यात आला. कायदा रद्द झाल्यावर बाहत्तर वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागले! मग आमच्या तांड्याला कोणी सांगायचे? ज्यांनी शिक्का सोसला, त्यांनीच शेजाऱ्याच्या कपाळी तो उमटवावा, याहून मोठी शोकांतिका कोणती?

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, विमुक्त दिन केवळ विमुक्तांनी साजरा करून भागणार नाही. ज्यांच्या मनात संशय आहे, खरी सुटका त्यांची व्हायची आहे. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी आणि आपली राष्ट्रीय सेवा योजना या सर्वांनी त्या दिवशी पारधी बेड्यावर जावे. १८७१ आणि १९५२ ही दोन साले शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावीत. हार, नगारा, नाच खुशाल असावा. पण आनंदाबरोबर कबुलीही असावी.

येत्या एकतीस ऑगस्टला मी बेड्यावर जाणार आहे. काकालाही नेण्याचा प्रयत्न करीन. तो येईलच असे सांगवत नाही. तिथे गेल्यावर आधी मोटरीची हकीकत सांगायची, क्षमा मागायची आणि मगच भाषण करायचे, असे मी ठरविले आहे. आपल्यापैकी कोण कोण बरोबर येणार?