घाटातला सेकंद कबड्डीत चालत नाही!

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ द्या. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या कबड्डीचं नुकसान "फास्ट खेळा रे" या आरोळीनं होतंय. यात्रेतली स्पर्धा असो नाहीतर नेत्याच्या वाढदिवसाचा चषक, पोरगं चढाईला जाऊन दहा सेकंद निदान रेषेजवळ घुटमळलं की बाहेरून सुरू, "टाईमपास करतो का?" माईकवरचा निवेदकही तेच म्हणतो आणि कोचही.

हे कुठून आलं ते ठाऊक आहे. आपण बैलगाड्याची माणसं. घाटात बारी सुटली की निकाल सेकंदावर, कमी सेकंदवाला घाटाचा राजा. तिथं ते बरोबरच, कारण गाडा एकटा पळतो आणि मोजायचं ते फक्त घड्याळ. कबड्डीत समोर सात गडी उभे असतात आणि चढाई आळीपाळीनं होते. सगळी मेख या आळीपाळीत आहे.

जरा हिशोब मांडू. सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर ढोबळमानाने वाट्याला ४०-४० चढाया. आता तुम्ही घाई करून आपली चढाई २० सेकंदांत उरकली, समोरच्यानं मात्र ३० सेकंद घेतले, तर होतात ४८-४८. तुमच्या ८ वाढल्या, पण त्याच्याही ८ वाढल्या, आणि त्यानं काहीच न करता! मग फायदा कुणाचा? एका चढाईमागे ज्याला जास्त गुण मिळतात त्याचा. तुमची चढाईच कच्ची असेल तर वेग वाढवून तुम्ही फक्त हरण्याची घाई करताय.

आता चढाईपटूकडं या. समजा एकानं २० चढायांत १० गुण आणले, पण ८ वेळा पकडला गेला. दुसऱ्यानं १२ चढायांत ७ आणले, २ वेळा पकडला गेला. टाळ्या आणि 'उत्कृष्ट चढाईपटू'ची ट्रॉफी पहिल्याला! पण प्रत्येक पकडीचा गुण समोरच्याला जातो. म्हणजे पहिल्याची शिल्लक २, दुसऱ्याची ५. शिवाय पहिला ८ वेळा बाहेर बसला, तेवढा वेळ संघ एका गड्यानं कमी आणि लोण जवळ. दुसऱ्याच्या ज्या रिकाम्या चढायांवर पब्लिक ओरडलं, त्यांनी संघाचं काहीच गेलं नव्हतं.

लांब कशाला, आपल्या पुणेरी पलटणचंच बघा. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून त्यांनी प्रो कबड्डी जिंकली. फरक फक्त ३ गुणांचा. आणि त्याच सामन्यात पंकज मोहितेनं एका चढाईत ४ गुण घेतले होते. एक चांगली चढाई काय करते, ते यात आलं.

अमेरिकन फुटबॉलवालेही हा धडा शिकलेत. तिथंही चेंडूचा ताबा आळीपाळीनं येतो. चिप केली या प्रशिक्षकानं २०१३ पासून फिलाडेल्फिया ईगल्सला झपाट्यानं खेळवलं. सुरुवातीला बरं चाललं. नंतर हल्ला लवकर आटपायला लागला आणि दम न घेता पुन्हा उभं राहायची वेळ स्वतःच्याच बचावावर आली. २०१५ संपायच्या आत केलींना नारळ मिळाला.

वेग कधीच नको असं नाही. शेवटची चार मिनिटं आणि पाच गुणांची पिछाडी असेल तर घाई हवीच. आपला संघ खरोखर वरचढ असेल तरी जास्त चढाया फायद्याच्या, कारण सामना लांबला की नशिबाचा वाटा घटतो. म्हणूनच एका रात्रीत सगळे संघ उरकायला दहा-दहा मिनिटांचे डाव लावणाऱ्या आयोजकांवर माझा राग आहे. तिथं चांगला संघही एका पकडीत घरी जातो.

हा नुसता खेळाचा विषय नाही. घोडेगावच्या वरच्या आदिवासी गावांतल्या पोराला जिल्हा संघाची निवड म्हणजे पुढचं दार असतं. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची वाट तिथूनच सुरू होते. आणि डोकं लावून खेळणाऱ्याला 'स्लो आहे' म्हणून आपण गावातच बाकावर बसवतो. आरडाओरड्यापायी उडी मारणाऱ्याचा गुडघा गेला, तर दवाखान्याचं बिल भरायला चषकवाले नेते येत नाहीत.

मागणी साधी आहे. यंदाच्या यात्रांत गुणपत्रिकेवर प्रत्येक चढाईपटूपुढं तीन रकाने करा : चढाया किती, गुण किती, पकडला किती वेळा. बक्षीस शिलकीवर द्या. खर्च एका पेनाचा. लाखाची बक्षिसं जाहीर करणाऱ्यांना एवढं झेपायला हरकत नाही.