फुकटातली बोट

"पहिलीच बोट ना? मग मिळेल ती स्वस्तातली उचल. शिकायलाच तर हवीये!" इकडे कॅलिफोर्नियात वीकांताला शिडाच्या बोटीचा नाद लागलेल्या प्रत्येक देशी इंजिनियरला हा सल्ला फुकट मिळतो. माझ्या मते तो सरळसरळ चुकीचा आहे. मुरलेला माणूस मोडकी बोटही सांभाळून आणतो. नवशिक्याला मात्र आपलं चुकतंय की बोटीचं, हेच कळत नाही. बग असलेल्या कंपायलरवर कोणी सी शिकवतं का?

बोट म्हणजे बहुतेक वेळा होबी १६. दोन निमुळत्या होड्या (हल), मध्ये ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात ताणलेलं ट्रॅम्पोलिन आणि वर शीड. होबी आल्टरने १९७० च्या सुमारास ती इथेच बाजारात आणली आणि तेव्हापासून एक लाखाहून जास्त बनल्या. लांबी पाच मीटर, वजन साधारण १४५ किलो, वाळूवरून थेट पाण्यात. (कॅटामरान हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला, म्हणजे बांधलेले ओंडके. विकणाऱ्याला हे सांगून बघा, कौतुक करेल, भाव कमी करणार नाही. :))

तर जुन्या बोटी पुष्कळ मिळतात, आणि जाहिरातीतल्या फोटोत दिसतं ते रंगीबेरंगी शीड. अहो, शीड म्हणजे नुसता यूजर इंटरफेस! शीड, तारा, ट्रॅम्पोलिन, सुकाणूचे भाग हे सगळं विकत मिळतं, बदलता येतं. त्यावरून खुशाल घासाघीस करा. पण हल बदलायचे म्हणजे दुसरी बोटच घ्यायची, आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही.

हे हल म्हणजे फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षं ऊन, पाणी आणि माणसांचे पाय झेलून फायबरग्लास फोमपासून सुटतं. वरून चकाचक, आतून पोकळ. आपली आजी माठ घेताना टिचकी मारून बघायची ना, तसंच नाणं घेऊन अख्खा डेक टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. अंगठ्यानेही दाबून बघा. पुढच्या आडव्या दांडीच्या पुढचा भाग जास्तीत जास्त वेळ घेऊन तपासा, तिथे ही भानगड हमखास असते. वीतभर जागा मऊ असेल तर बारीक भोकं पाडून इपॉक्सी भरता येतं. हातभर मऊ असेल तर गाडीत बसायचं आणि घरी यायचं. "थोडंसंच काम आहे" हे वाक्य क्लायंटच्या "छोटासा चेंज"चं सख्खं भावंड आहे.

मागची बुचं काढून टोकं उचला, पाणी येतंय का बघा. तळाला वाळूने घासून फायबरग्लास उघडं पडलंय का तेही बघा. मग एका हलचं नाक उचला. दुसरं लवकर सोबत उठलं नाही तर चौकट खिळखिळी झालीय.

आता जिवाचं. डोलकाठी उभी राहते ती तीन तारांच्या आधारावर. त्यातली एक भर वाऱ्यात तुटली की आठेक मीटरची काठी तुमच्या आणि सोबतच्या बिचाऱ्या मित्राच्या अंगावर. तारा जुन्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतच धरा, "अजून एक सीझन चालतील" ऐकू नका. आणि काठीचा शेंडा बघा. अमेरिकेत विकलेल्या नंतरच्या बोटींना तो फायबरग्लासचा असतो, कारण ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारांना लागून माणसं गेली आहेत. काही हौशी लोक तो शेंडा काढून पूर्ण ॲल्युमिनियमची काठी बसवतात आणि वर "फास्ट पळते" म्हणून मिरवतात. असली बोट नवशिक्याच्या गळ्यात मारणाऱ्याला काय म्हणावं!

शेवटी कागद. उजव्या हलच्या मागच्या बाजूला कोरलेला नंबर नोंदणीशी ताडून बघा. इथे आठ फुटांवरच्या शिडाच्या बोटीला नोंदणी लागते. ट्रेलरचे कागद वेगळे, तेही मागा.

एवढ्यात विकणारा घड्याळ बघत सांगेल की अजून दोघं बघायला येतायत. येऊ देत.