बदली झालेला संघ

बँकेच्या नोकरीत बदली ही नित्याची बाब. आम्ही ट्रंका बांधल्या, नव्या गावी रुळलो, जुन्या शाखेत आमच्या खुर्चीवर दुसरा आला. पण एखाद्या शहराचा आवडता संघच बदली होऊन गेला, तर त्या खुर्चीवर कोण येणार? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला हा प्रश्न २००८ साली पडला.

सुपरसॉनिक्स हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ तिथे १९६७ पासून खेळत होता. १९७९ मध्ये तो अजिंक्यही ठरला. २००६ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या काही धनिकांनी तो ३५ कोटी डॉलरना विकत घेतला. नव्या क्रीडागृहासाठी सरकारी पैसा मिळेना, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि अखेर तडजोड झाली. शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले, संघ गेला. मात्र त्याचे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिअ‍ॅटलकडेच राहिले. आमच्या भाषेत, खाते वर्ग झाले. पासबुक मागे राहिले.

ओक्लाहोमा सिटीत संघाने 'थंडर' हे नाव घेतले. १९९५ च्या बॉम्बस्फोटात १६८ माणसे गमावलेले हे शहर. आपली ओळख केवळ त्या दुःखापुरती राहू नये, असे तिथल्या लोकांना वाटले तर नवल नाही. पण पहिला हंगाम कसा गेला? १३ पैकी १२ सामने हरल्यावर प्रशिक्षकाला घरी जावे लागले. ३२ सामने झाले तेव्हा विजय होते अवघे तीन. अखेरीस ८२ पैकी २३ जिंकले, ५९ हरले. वीस वर्षांचा केव्हिन ड्युरंट आणि नवखा रसेल वेस्टब्रुक यांना घेऊन हरणाऱ्या या संघासाठी लोक मात्र येतच राहिले. नाते जुळते ते अशाच दिवसांत.

या निष्ठेचे मला कौतुक आहे. पण तेवढ्याने सिअ‍ॅटलचा हिशेब मिटत नाही. ४१ हंगामांत बापाचे बोट धरून सामन्याला गेलेली मुले पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन गेली. खरेदीखतात या गुंतवणुकीची नोंद नव्हती. संघ विकताना त्या शहराला पहिला हक्क हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे अशक्यही नाही. ग्रीन बे या लहानशा गावाचा 'पॅकर्स' हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर उभा आहे. कुणा एका मालकाला तो उचलून नेता येत नाही.

२०२५ मध्ये थंडर अजिंक्य ठरला. ओक्लाहोमा सिटीने तो आनंद जरूर साजरा करावा. पहिल्या हंगामातल्या ५९ पराभवांत तिने सोबत केली होती. फक्त त्या दिवशी सिअ‍ॅटलच्या कित्येक घरांत दूरदर्शन संच बंद असेल, तर त्याचे कारण आपण समजून घ्यावे.